घरफाळ्याबरोबर रस्ते देखभाल शुल्क: कोल्हापूरकर, द्यायचं का?

उत्तरेश्वरकर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या बैठकीत एक विषय निघाला आणि त्यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडतोय. रस्त्यांच्या देखभालीसाठी महापालिकेनं घरफाळ्यासोबत, म्हणजे मालमत्ता करासोबत, दरमहा ठरावीक रक्कम वेगळी घ्यावी का? आधीच स्पष्ट करतो, असा प्रस्ताव कुठल्या सभागृहात आलेला नाही. आमच्यातल्याच एका काकांनी ही कल्पना मांडली.

माझं मत: द्यावं. पण पैसा वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे आणि कुठल्या रस्त्यावर किती गेला हे गल्लीतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. समजा लाखभर मिळकती धरल्या आणि महिन्याला शंभर रुपये घेतले, तर वर्षाला बारा कोटी होतात. त्यात नवे रस्ते होणार नाहीत, पण आहेत ते टिकतील.

टोलचा विषय निघणारच, तो मीच काढतो. शहरातले ४९.९९ किलोमीटर रस्ते २२० कोटींत करायचे आणि तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो प्रकल्प होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. मीही मोर्च्यात होतो आणि आजही तो लढा बरोबरच होता असं मानतो. पण टोल गेला त्याला इतकी वर्षं झाली. रस्ता राखायला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं उत्तर आपण अजून दिलेलं नाही. प्रत्येक वेळी मुंबईहून निधी यायची वाट बघायची का?

तांबडा_पांढरा

दादा, तुमचा हेतू चांगला हाय, पण माझं उत्तर न्हाई. टोल दिला न्हाई, आता ह्यो फाळा कशापायी द्यायचा? गाडी घेतली तवा आरटीओत एकरकमी कर भरला. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. दुचाकीलाबी तसाच. पेट्रोल भरलं की त्यात रस्त्याचा उपकर हाय. हायवेला गेलं की फास्टॅग कापतंय. वर घरफाळा. एकाच रस्त्याचं पैसं किती खिडक्यांवर भरायचं?

टोलच्या लढ्यात एन. डी. पाटील सर आन गोविंद पानसरे अण्णा त्या वयात उन्हातान्हात रस्त्यावर का उतरलं हुतं? शहरातल्या माणसाला त्याच्याच दारातनं बाहेर पडायला पैसं द्यायला लागू नयेत म्हणून. टोल उठल्याचं ऐकायला अण्णा राहिलं न्हाईत, फेब्रुवारी २०१५ मधीच गेलं. आमच्या तालमीत आजबी त्यांचं नाव निघालं की पोरं गप्प हुत्यात. तवा ह्या शहरात 'शुल्क' म्हणताना जरा जपून.

उत्तरेश्वरकर

तांबडा_पांढरा, तुमच्या भावनेचा पूर्ण आदर आहे. पण तुम्ही सांगितलेल्या पैशांतला किती पैसा आपल्या गल्लीपर्यंत येतो, हे बघा. गाडीचा कर राज्याकडे जातो. पेट्रोलवरचा उपकर केंद्राकडे. फास्टॅगचे पैसे महामार्गाचे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, त्याच्या बदल्यात जीएसटीची भरपाई राज्याकडून येते आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवायची असं २०१७ च्या कायद्यात आहे. त्यातून पगार, पेन्शन, दिवाबत्ती, पाणी हे भागवून उरलं तर रस्ता. आपण भरतो खूप, पण ते आपल्या गल्लीसाठी भरत नाही.

तांबडा_पांढरा

मग भांडण मुंबईशी, दिल्लीशी करा की. गाडीच्या करातला वाटा शहराला द्या म्हणा. त्यासाठी मोर्चा काढा, सगळ्यात पुढं मी. शेजारच्या म्हातारीच्या घरफाळ्यात शंभर रुपये वाढवणं सोपं हाय म्हणून ते करायचं, हे मला पटत न्हाई.

निवृत्त_उपअभियंता

तीसेक वर्षं सार्वजनिक कामांत काढली. कुठल्या खात्यात ते सोडून द्या. पैशाआधी रस्ता मरतो कसा ते सांगतो, कारण शुल्क किती घ्यायचं हे त्यावर ठरतं.

डांबरी रस्त्याचा शत्रू पाणी. वरच्या थराला बारीक तडा जातो, त्यातून पाणी खाली मुरतं, खालची खडी आणि मुरूम मऊ होतात. वरून चाक गेलं की दाबानं पाणी तड्यातून बाहेर येतं आणि सोबत बारीक माती घेऊन येतं. आत पोकळी होते, वरचं डांबर बसतं, खड्डा तयार. म्हणजे खड्डा दिसतो त्याच्या दोन पावसाळे आधी रस्ता बिघडलेला असतो. तेव्हाच तडे भरून सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा डांबराचा पातळ थर, मारला तर खर्च थोडक्यात भागतो. आपल्याकडे त्या वेळी पैसा नसतो, आणि रस्ता पार उखडला की नव्या रस्त्यासाठी निधी येतो. उद्घाटन नव्या रस्त्याचं होतं, तडे भरायचं कुणी करत नाही.

आता पॅचवर्क. मागच्या पावसाळ्यात माझ्या घरासमोर चाललेलं काम उभं राहून पाहिलं. खड्ड्यात पाणी होतं. एकानं झाडूनं ते बाहेर ढकललं, दुसऱ्यानं पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातून डांबर शिंपडलं, तेही निम्म्याच जागेवर. मग पाटीभर मिश्रण ओतलं आणि फावड्याच्या पाठीनं थोपटलं. रोलर नव्हताच. टेम्पोचं मागचं चाक दोनदा वरून नेलं आणि मंडळी पुढच्या खड्ड्याकडे. खरी पद्धत अशी: खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, आतली सैल खडी काढून कोरडं करायचं, कडांसकट टॅककोट, म्हणजे चिकटून बसण्यासाठी पातळ डांबराचा हात, मारायचा, आणि मिश्रण शंभर अंशांच्या खाली उतरायच्या आत रोलर फिरवून संपवायचा. हे केलं नाही तर शुल्क शंभर घ्या नाहीतर हजार, आठ दिवसांत खडी पुन्हा रस्त्यावर.

तेव्हा माझं मत शुल्काच्या बाजूनं आहे, पण ते फक्त देखभालीला बांधलेलं हवं. नव्या कामाला त्यातला एक रुपया नको.

स्कूटीवाली_आई

काका, ती सुटी खडीच खड्ड्यापेक्षा वाईट. सकाळी मुलीला शाळेत सोडताना पुढे दप्तर, मागे मुलगी. वळणावर खडी आली की ब्रेक दाबायचा की नाही हे अर्ध्या क्षणात ठरवावं लागतं. मी शंभर रुपये आनंदानं देईन. मणक्याच्या डॉक्टरांची एका वेळची फी त्याहून जास्त आहे.

बिंदू_चौक_रिक्षा

ताई, तुमचं पटतंय, पण आमचंही ऐका. मी भाड्याच्या खोलीत राहतो. घरफाळा मालक भरतो, पण वाढला की भाड्यातच येणार. माझ्या दोन खोल्यांना शंभर आणि चार गाड्या दारात उभ्या असलेल्या बंगल्यालाही शंभर, हा न्याय नव्हे. रस्ता झिजवतो जास्त त्यानं जास्त द्यावं.

निवृत्त_उपअभियंता

रिक्षावाले भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. झीज कोण करतं याचा अभ्यास अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. खास रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले. निघालेला नियम ढोबळमानानं असा: झीज ही आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढते. मोटारीच्या एका आसावर ८०० किलो आणि ट्रकच्या आसावर ८ टन धरा. वजन दहापट, झीज दहा हजारपट. तुमची रिक्षा, ताईंची स्कूटी, इतकंच काय बंगल्यातल्या चार गाड्याही रस्त्याच्या हिशोबात जवळपास नाहीत. रस्ता फोडतात ते भरलेले डंपर, वाळू-खडीचे ट्रक आणि, राग मानू नका, हंगामातल्या उसाच्या दोन ट्रॉल्या.

शिरोळचा_शेतकरी

राग मानत नाही, पण बाजू सांगतो. ऊस तोडून फडात ठेवता येत नाही. वाळला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. कारखान्याचा वाहतूकदार ठरलेला, त्यानं ट्रॉली किती भरायची हे आम्ही ठरवत नाही. शिवाय शहरातून उसाची वाहतूक व्हावी अशी आमचीही इच्छा नाही, बाहेरून धड रिंग रोड असता तर बिंदू चौकाकडे कशाला वळलो असतो? जास्त भारावर दंडाचा कायदा आहेच, तो वजनकाट्यावर लावा. त्यासाठी नवीन शुल्क नको.

पाचगावची_मी

मी शहराच्या हद्दीबाहेर राहते आणि शहरात नोकरीला येते. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द तीच आहे. पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी इथून रोज किती माणसं शहरात येतात ते सकाळी संभाजीनगरच्या चौकात उभं राहून बघा. घरफाळ्याला शुल्क जोडलं तर आम्हाला एक पैसाही पडणार नाही आणि रस्ते मात्र आम्ही रोज वापरणार. हे मला स्वतःला योग्य वाटत नाही. पण हद्दवाढीला आमच्या गावात विरोध का आहे तेही समजून घ्या. शहरात येऊन काय मिळणार, असं लोक विचारतात तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नसतं. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, त्याचाही अनुभव लोकांना उत्साह वाटावा असा नाही.

तांबडा_पांढरा

बघा! म्हंजे पैसं पेठेतल्यानं भरायचं आन गाडी पाचगावची फिरणार. ताई, तुमच्यावर राग न्हाई हं. पण हे आधी सुटल्याशिवाय शुल्काचं नाव नको.

करवीर_ते_टायगार्ड

मी मूळचा राजारामपुरीचा, आता अमेरिकेत ओरेगन राज्यात टायगार्ड नावाच्या छोट्या शहरात राहतो. पोर्टलंडच्या शेजारी. इथे हेच शुल्क गेली वीसेक वर्षं आहे, म्हणून लिहितोय. पाणी आणि गटाराच्या बिलातच रस्ता देखभालीची एक ओळ येते. घरांना ठरावीक दर. दुकानं, कचेऱ्या यांना मात्र नियमानुसार त्यांनी किती वाहनतळाच्या जागा ठेवायला हव्यात त्या संख्येवर. म्हणजे मोठ्या सुपरमार्केटला जास्त, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला कमी. रिक्षावाले दादांच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही, पण एक वाट आहे.

मला इथे राहून पटलेली गोष्ट वेगळीच आहे. दरवर्षी कुठल्या गल्लीत काय काम होणार याचा नकाशा आधी लागतो. पहिल्या वर्षी मी चिडलो होतो, कारण आमच्या बऱ्या रस्त्यावर काळा पातळ थर मारला आणि पलीकडचा तडकलेला रस्ता तसाच ठेवला. नंतर कळलं, वरचे काका सांगतात तेच: बरा रस्ता बरा ठेवणं सगळ्यात स्वस्त. पण हे लोकांना आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर खड्डे सोडून चांगल्या रस्त्यावर पैसे उधळले असंच वाटणार.

आणि नकार कसा येतो तेही सांगतो. पोर्टलंडनं २०१४ मध्ये असंच शुल्क आणायचा प्रयत्न केला. आधी सगळ्या घरांना सारखं, मग गरिबांवर भार पडतो म्हणून उत्पन्नानुसार, मग पुन्हा बदल. इतके फेरफार झाले की कुणालाच ते आपलं वाटेना. जानेवारी २०१५ मध्ये गुंडाळलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तोच खर्च भागवण्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दहा सेंट कर, फक्त चार वर्षांसाठी, असं थेट मतदानाला टाकलं आणि ते मंजूर झालं. २०२० आणि २०२४ मध्ये लोकांनी पुन्हा मत देऊन चालू ठेवलं. मुदत होती आणि विचारून घेतलं, हा फरक.

विधिज्ञ_कसबा

कायद्याची बाजू थोडक्यात. कर आणि शुल्क यांत आपल्याकडे भेद आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा शिरूर मठाचा निकाल अजून वाचला जातो. कर सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्याच्या बदल्यात काय मिळालं हे विचारता येत नाही. शुल्क घेतलं तर त्या बदल्यात सेवा द्यावी लागते. पुढच्या निकालांनी हा संबंध सैल केला, पण पुसला नाही. म्हणून शुल्क म्हणून घेतलेला पैसा इतरत्र वळवला तर जाब विचारायला जागा राहते. करामध्ये ती जागा नसते.

टायगार्डच्या मित्रांनी सांगितलेल्या प्रकाराचा एक जुना खटला आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरानं १९८४ मध्ये असं शुल्क लावलं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शुल्क वैध ठरवलं, पण उरलेला पैसा शहराच्या दुसऱ्या कामांना वळवायची मुभा मात्र काढून टाकली. आपल्याला हवं आहे ते हेच. उलट आयडाहो राज्यात पोकाटेलो शहराचं असंच शुल्क १९८८ मध्ये रद्द झालं, कारण न्यायालयाला तो नाव बदललेला कर वाटला.

आणि एक. चांगला रस्ता ही मेहेरबानी नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तो जगण्याच्या मूलभूत हक्कात धरला आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाखांची भरपाई द्यावी असा आदेश दिला. शुल्क भरलं नाही म्हणून हा हक्क कमी होत नाही. उद्या कुणी म्हणेल, 'शुल्क द्या मग रस्ता करतो', तर ते मान्य करू नका.

दादरकर

मुंबईचा अनुभव. आमच्या मालमत्ता कराच्या बिलात 'पथकर' (टोल नव्हे, रस्त्यांसाठीचा कर) हा वेगळा रकाना पूर्वीपासून आहे. बिलावर रकाना वेगळा म्हणून खर्च वेगळा दिसतो असं नाही. मी गेली कित्येक वर्षं तो भरतो, पण त्यातून माझ्या रस्त्याचं काय झालं हे मला कधी कळलेलं नाही. तेव्हा नुसत्या वेगळ्या ओळीवर भिस्त ठेवू नका.

कोथरूडवासी

पुण्याकडून एक मुद्दा, जो इथे अजून कुणी काढला नाही: खोदाई. आमच्याकडे नवा रस्ता झाला की महिन्याभरात केबल नाहीतर पाइपलाइन. खासगी कंपन्यांसाठी मीटरला १२,१९२ रुपये असा खोदाईचा दर पुणे महापालिकेनं लावला होता. दर चांगला, पण चर बुजवणं धड होत नाही. माती टाकायची, वर थातुरमातुर डांबर, पहिल्या पावसात चर खचतो आणि सगळा रस्ता लाटेसारखा. नागरिकांकडून शुल्क घ्यायच्या आधी खोदणाऱ्यांकडून पूर्ण पैसे घ्या आणि पावसाळ्यात खोदाई बंद ठेवा. त्याला नवा कर लागत नाही.

निवृत्त_उपअभियंता

हे शंभर टक्के खरं. चर थराथरानं दाबत भरायचा असतो, एका दमात भरून चालत नाही. आणि मी विसरलो होतो ते सांगतो: दोषदायित्व कालावधी. प्रत्येक कामाच्या करारात तो असतो. तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. बहुतेक नागरिकांना आपल्या रस्त्याची ही मुदत कधी संपते हेच माहीत नसतं, म्हणून कुणी मागत नाही, आणि तोच खड्डा पालिकेच्या पैशानं भरला जातो. रस्त्याच्या तोंडाला फलक लावा: काम कधी झालं, ठेकेदार कोण, मुदत कधीपर्यंत.

स्कूटीवाली_आई

मग हे आधी का करत नाही आपण? नगरसेवक नाहीत, कुणाला सांगायचं, असं म्हणत नोव्हेंबर २०२० पासून प्रशासकाच्या काळात पाच वर्षं काढली. फलक लावायला, यादी मागायला नगरसेवक कशाला हवेत?

उत्तरेश्वरकर

सगळं दोनदा वाचलं. मी शुल्काच्या बाजूचाच आहे, पण माझी क्रमवारी बदलली. आधी रस्त्यांची यादी, दोषदायित्वाच्या मुदती आणि खोदाईचे जमा पैसे हे समोर यायला हवं. त्यातून किती कमी पडतं ते कळेल, आणि कमी पडेल तेवढ्यासाठीच शुल्क, तेही मुदत घालून. दोन वर्षांनी हिशोब दिला नाही तर आपोआप बंद. दर सरसकट नको. दुकानं, कार्यालयं, हॉटेलं, यात्री निवास यांना वेगळा. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून येणाऱ्या गाड्यांचा भार पेठेतल्या घरांवर टाकता येणार नाही.

पाचगावच्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. टोल तिथेच अन्याय्य होता आणि घरफाळाही तिथेच अपुरा पडतो. हद्दवाढीला हात घातल्याशिवाय तो सुटणार नाही.

तांबडा_पांढरा

यादी मागायला मी तयार हाय. शुल्काला न्हाई, ते यादी बघून बोलू. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत हुतोय, एवढं पैसं मी सगळ्यांचं भरतो.

विधिज्ञ_कसबा

अर्जात नेमकं विचारा, मोघम विचारलं तर मोघमच उत्तर येतं. प्रभागनिहाय रस्त्याचं नाव, कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी, आणि त्या काळात त्याच रस्त्यावर पालिकेनं केलेल्या दुरुस्तीचा खर्च. खोदाईसाठी वेगळा अर्ज करा: कुणाला किती मीटर परवानगी, किती रक्कम जमा, पूर्ववत करण्यावर किती खर्च. मसुदा मी उद्या इथे टाकतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याचाही नमुना देईन.

बिंदू_चौक_रिक्षा

आमच्या स्टँडवरची पोरं दिवसभर शहरभर फिरतात. कुठं चर खचलाय, कुठं नव्या रस्त्याची खडी निघालीय, हे फोटो आणि जागेसकट आम्ही देऊ. यादी आली की जुळवायला बरं पडेल.

पाचगावची_मी

कळंबा रोडकडचं मी बघते. हद्दीबाहेरची असले तरी चालेल ना?

उत्तरेश्वरकर

ताई, चालेल काय, पाहिजेच. शिवाजी पेठ आणि उत्तरेश्वर माझ्याकडे. कसबा बावड्याचं कुणीतरी घ्या.